कृपया हात पुसा

यंत्रानं मला हात पुसायला सांगितला आणि मी तो पुसला. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे मी बरीच फुशारकी मारणार आहे.

माझी नात पुण्याहून आली ती पाठीवर पिशवी आणि पिशवीत सहा पट्टे घेऊन. तिथल्या एका लहानशा कंपनीत ती काम करते. हा पट्टा मनगटावर बांधायचा. दिसायला घड्याळासारखा, पण त्याला एक डोळा आहे आणि एक दिवा. डोळा बोटांच्या दिशेनं बघतो, दिवा कोपराच्या दिशेनं उजेड टाकतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या पानाजवळ हात नेला की डोळा पान बघतो आणि दिवा तुमच्या हातावर, थेट कातडीवर, अक्षरं उमटवतो. पानाला काय झालंय, कुठं उलटून बघायचं, सगळं. बाणसुद्धा काढून दाखवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आतून एक बाई गोड आवाजात तेच बोलते.

“समोर दिसतंय ते तसंच ठेवायचं आजी, आणि त्याच्यावर माहितीचा एक थर द्यायचा,” नात म्हणाली.

“म्हंजे पोळीवर तूप.”

“हो, तसंच.”

“मंग सकाळपासून एवढं इंग्रजी कायले सांगून राह्यली होती?”

पहिल्या दिवशी पट्टा तिच्याच हातावर होता. मी तिचं मनगट धरून तिला शेतभर फिरवलं. भर उन्हात अक्षरं दिसेनात, म्हणून माझा पदर ओढून तिच्या हातावर तंबू केला. त्या तंबूत तिच्या गोऱ्या, गुळगुळीत हातावर हिरवी अक्षरं उमटली. पानाखाली तुडतुडे आहेत म्हणे. पान उलटलं, तर खरंच होते. मग मी शेपू दाखवला, बांधावरचा तरोटा दाखवला, कोंबडी दाखवली. सगळं बरोबर. शेवटी कुंपणापलीकडे माझी थोरली जाऊ तूर पाखडत बसली होती, तिच्याकडे नातीचा हात वळवला. हातावर अक्षरं आली, ‘माणूस.’

“काय म्हन्ते व थे?” जाऊनं विचारलं.

“तुम्ही माणूस हाय म्हन्ते.”

“एका नजरेत ओळखलं? माह्या घरच्याले तं मरेस्तोवर नाई समजलं.”

दुसऱ्या दिवशी पट्टा माझ्या मनगटावर चढला आणि तिथंच तूप संपलं. मी पऱ्हाटीजवळ हात नेला. दिवा लागला, हातावर हिरवट गिचमीड झाली, आणि ती गोड बाई म्हणाली, “कृपया हात पुसा.”

मी पदरानं पुसला.

“कृपया हात पुसा.”

टाक्यावर जाऊन पाण्यानं धुतला.

“कृपया हात स्वच्छ पुसून पुन्हा प्रयत्न करा.”

मग साबण लावला, नारळाची शेंडी घेतली आणि घासायला लागले. सत्तरी ओलांडलेली, तीस-पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पोरांना शिकवलेली बाई मी, एका पट्ट्याच्या सांगण्यावरून टाक्याशी बसून हात घासत होते. जाऊ पलीकडून म्हणाली, “मास्तरीण, कोणाच्या लग्नाले चालली?” तेव्हा कुठं मी माझ्या हाताकडे बघितलं. हात स्वच्छ होता. हातावर गोंदण होतं.

नातीनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. “आजी, त्याला ते डाग वाटतायत. दुसऱ्या हाताला बांधून बघू.”

“दुसऱ्या हातावर विंचू हाय,” मी म्हटलं.

त्या विंचवाची गोष्ट सांगायला हवी. माझं माहेर पांढरकवड्याकडचं, जंगलाला लागून. मी नऊ-दहा वर्षांची असताना गोंदणारी बाई आली होती. आईनं डाव्या हातावर मोर आणि ठिपक्यांची रांग काढायला सांगितली. उजव्या हातावर तुळस काढ म्हणाली. मी म्हटलं, तुळस नको, विंचू. कारण माझा मोठा भाऊ विंचवाला भयंकर घाबरायचा, आणि जन्मभर त्याला हात दाखवून पळवायचा माझा बेत होता. सुया टोचताना मी रडले नाही. आई म्हणाली, “पोरगी धीराची हाय.” धीराची कसली? भावाचं तोंड कसं होईल या आनंदात होती. पुढे दोन वर्षं त्या विंचवानं मला भावाच्या वाट्याचा गूळसुद्धा मिळवून दिला.

मग मी शिकले आणि इथंच घोळ झाला. मास्तरकीच्या शिक्षणासाठी यवतमाळला होस्टेलवर गेले. शहरातल्या मुली होत्या, वेणीला रिबीन लावणाऱ्या. त्यातल्या एकीनं पहिल्याच आठवड्यात माझा हात धरून विचारलं, “अगंबाई, हे काय? अंगभर आहे का असं?” बाकीच्या हसल्या. तिनं फार वाईट हेतूनं विचारलं असेल असं आता वाटत नाही. पण तेव्हाची मी म्हणजे असली शहाणी, की त्या हसण्याचं उत्तर मी हसणारीला दिलं नाही, माझ्या हाताला दिलं. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईच्या डब्यातून चार बिब्बे उचलले. आमच्याकडे टाचेला भेगा पडल्या की बिब्ब्याचं तेल लावतात, आणि कपड्यावर त्याची खूण केली तर ती धुऊन जात नाही. तो अंगावर उतला की कातडी सोलून निघते, हेही मला माहीत होतं. मी हिशेब असा केला, की कातडीच निघाली तर विंचू कुठं बसेल?

होस्टेलच्या स्टोव्हवर सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली आणि तेल काढलं. विंचवाच्या शेपटीपासून सुरुवात केली, कारण नांगीची मला भीती वाटायला लागली होती! माझ्याच हातावरच्या, मीच मागून घेतलेल्या विंचवाची. तिसऱ्या दिवशी हात दुधीभोपळ्यासारखा सुजला. ताप चढला. होस्टेलच्या मावशीनं खोबरं वाटून थापलं आणि बडबडली, “पोरी, कोणी सांगितलं व तुले हे?” मी म्हटलं, “चुकून लागला.” चुकून! नेमका शेपटीच्या टोकावर, सुईनं.

महिन्यानं खपली पडली. खाली करपलेला डाग राहिला, तो आजही आहे. विंचू शाबूत. नुसती नांगी गेली. एवढा खटाटोप करून या बयेनं जगातला एकमेव बिननांगीचा विंचू तयार केला, आणि वर डाव्या हातावरचा मोर सगळं बघत तसाच उभा. त्याच्याकडे वळायची हिंमत उरली नव्हती.

मग मी मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज शिवायला लागले. शिंपी विचारायचा, “बाई, मे महिन्यात?” मी म्हणायची, “ऊन लागते.” पुरी नोकरी मी ऊन लागते म्हणत काढली. सावलीत, वर्गात, पंख्याखाली, मला ऊनच लागत होतं.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही, पण सांगते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी केळापूर तालुक्यातल्या एका शाळेवर होते. शेजारच्या कोलाम पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, एक मुलगी यायची. एक दिवस ती हातावर नवंकोरं गोंदण घेऊन आली. कौतुकानं, मला दाखवायलाच, हात पुढं करून. त्याच दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. मी म्हटलं, “हे काय करून आलीस? जा, हात धुऊन ये.” मला काय माहीत नव्हतं, की ते धुऊन जात नाही? माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? ती हापशीवर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा विटेच्या तुकड्यानं घासून हात लालभडक केलेला होता. म्हणाली, “बाई, जात नाही.” मी म्हटलं, “बस खाली.” साहेब आले आणि मी लांब बाह्यांच्या ब्लाऊजमध्ये उभी राहून त्यांना स्वच्छतेचा तक्ता दाखवला.

पट्ट्यातली बाई निदान ‘कृपया’ तरी म्हणते. मी तेवढंही म्हटलं नव्हतं.

निवृत्त झाले तेव्हा बाह्या कापल्या. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. गरम होत होतं. कापलेल्या बाह्यांची फडकी झाली. पण त्या दिवशी टाक्याशी नारळाची शेंडी हातात धरून बसले असताना मला हापशीवरची ती मुलगी आठवली, आणि मी शेंडी खाली ठेवली.

नातीनं संध्याकाळी तोडगा काढला. तिच्या पिशवीत पांढऱ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या बाह्या होत्या. नुसत्याच बाह्या, ब्लाऊज नाही. मनगटापासून दंडापर्यंत मोज्यासारख्या चढवायच्या. पांढऱ्यावर अक्षरं स्वच्छ दिसतात.

“परवा आमच्या ऑफिसच्या मॅडम येतायत, आजी. समाजमंदिरात तुम्हा सगळ्या आज्यांचं शूटिंग करायचं. ही बाही घातली की काम झालं.”

“मी नाई घालत.”

“का?”

“लांब बाही घालून झाली माही.”

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिच्या लक्षात आलं, तशी ती खाटेवर बसली आणि हळू आवाजात बोलली. मोठ्या वयाच्या बायकांसाठी पट्टा करायचा, हे तिनं एकटीनं ऑफिसात लावून धरलं होतं. बाकीचे म्हणत होते, म्हाताऱ्या बायका कशाला वापरतील? परवाचं शूटिंग नीट झालं तर ते काम तिच्याकडे राहणार. नाही झालं तर बंद. “माझं पहिलं स्वतःचं काम आहे गं हे. दोन मिनिटं बाही घालायची. माझ्यासाठी.”

‘माझ्यासाठी’ म्हटलं की आजी विरघळते, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. मी विरघळलेही. दोन दिवस बाही उशाशी ठेवून विचार केला. एकदा कोपरापर्यंत चढवूनसुद्धा बघितली. मोर झाकला गेला. आरशात बघितलं तर पलीकडे ती रिबिनीच्या मुलींना घाबरणारी पोरगी उभी, म्हणतेय, बरं दिसतंय की. मी बाही ओढून काढली. त्या पोरीचं मी एकदा ऐकलं होतं. डाग अजून आहे.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. सोबत कॅमेरा घेतलेली एक मुलगी. मॅडम चांगल्या होत्या, खरंच. जमिनीवर सतरंजीवर बसल्या, चहा बशीत ओतून प्यायल्या. गावातल्या आम्ही नऊ-दहा जणी होतो, सगळ्या साठीच्या पुढच्या. मला सोडून सगळ्यांनी बाह्या चढवल्या. जाऊला तर ती इतकी आवडली की तिनं दोन्ही हातांत घातली.

“गार लागते व! नेऊ का मी घरी?”

टेबलावर कुंडीत पऱ्हाटीचं एक झाड ठेवलं होतं. प्रत्येकीनं यायचं, हात पुढं करायचा, अक्षरं वाचायची. दोघींचं झालं. मग माझा नंबर आला. मी उघडा हात घेऊन गेले.

“आजी, बाही राहिली,” मॅडम म्हणाल्या.

“राह्यली नाही. घालणार नाही.”

“फक्त शूटिंगपुरती.”

“मॅडम, हात माहा चुकला नाही. तुमच्या पट्ट्याले हात पाह्यता येत नाही. मंग झाकायचं कोणी?”

नात मान खाली घालून उभी होती. तिचे कान लाल झालेले मला दिसले. पण मी थांबले नाही, आणि इथं माझ्यातली विंचूवाली जागी झाली. डाव्या मनगटाचा पट्टा मी झाडाकडे नेलाच नाही. उजवा हात पुढं केला आणि पट्ट्याचा डोळा सरळ माझ्या विंचवावर धरला. बघू तरी, हा काय म्हणतो.

पट्टा विचार करत राहिला. मग ती गोड बाई अख्ख्या समाजमंदिराला ऐकू जाईल अशी बोलली, “पानावर काळे ठिपके आढळले. बुरशीजन्य रोगाची शक्यता. बाधित पान तोडून नष्ट करा.”

“हात तोड म्हन्ते व माय!” जाऊ ओरडली.

मग जे हसू फुटलं त्याला आवर नव्हता. एक जण तर सतरंजीवर आडवी झाली. जाऊनं दोन्ही बाह्या ओरबाडून काढल्या आणि मला ढकलत पुढं आली. “सरक मास्तरीण, माह्यावर पाह्य न! मले कोनता रोग हाय?” तिच्या हातावर कोयरी आहे, तिला करपा निघाला. दुसरीच्या हातावरच्या पाळण्याला लाल कोळी निघाला. तिसरी रुसली, कारण तिच्या हातावर यंत्राला काहीच सापडलं नाही. “काहून? माहं गोंदण गोंदण नाई का?” पाच मिनिटांत एकीच्याही हातात बाही उरली नव्हती. त्यांनी माझी बाजू वगैरे घेतली असं नाही हं. त्यांना आपापला रोग ऐकायचा होता.

मी मात्र हसता हसता विंचवाच्या करपलेल्या शेपटीवर बोट ठेवलं. बाधित पान तोडून नष्ट करा. हाच सल्ला मी स्वतःला दिला होता, होस्टेलच्या स्टोव्हपाशी. एवढ्या मोठ्या शिकल्यासवरल्या माणसांनी बनवलेलं यंत्र, आणि अक्कल अठरा वर्षांच्या माझ्याएवढी.

शूटिंग वाया गेलं. मॅडम हसल्या होत्या, पण जाताना गाडीत बसून नातीशी बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. नात त्याच गाडीतून गेली. मी तिच्या आवडीची वांग्याची भाजी आणि कळण्याच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. तिनं डबासुद्धा नेला नाही. जाताना एवढंच म्हणाली, “तुझं बरोबर असेल, आजी. पण आजच बरोबर असायचं होतं का?”

महिनाभर तिचा फोन आला तर सुनेला आला, मला नाही. मी स्वतःशी भांडत होते. बाही घातली असती तर काय बिघडलं असतं? दोन मिनिटं. मग हापशीवरची मुलगी आठवायची आणि वाटायचं, तिथंही दोन मिनिटंच होती. साहेब काही दिवसभर थांबणार नव्हते.

मग एक दिवस दुपारी मी सरकी वाळत घालत असताना फोन आला. ना नमस्कार, ना तब्येत.

“आजी, हाताचे फोटो पाठव.”

“कायले?”

“त्याला शिकवताना आम्ही जे हात दाखवले ते सगळे कोरे होते. आमच्या ऑफिसातल्यांचेच. गोंदलेला एकही नव्हता त्यात. त्यानं कधी बघितलेच नाहीत तर ओळखणार कसा?” तिनं नाक ओढलं. “मी रिपोर्टात तसंच लिहिलं. शूटिंग नाही पाठवलं, तुमचं हसणं पाठवलं. खूप बोलणी खाल्ली. पण काम राहिलंय माझ्याकडे. सध्यापुरतं.”

“रडून राह्यली का तू?”

“नाही. सर्दी आहे. सगळ्यांचे पाठव, दोन्ही हातांचे. जाऊआजीचे पण.”

मी फोन घेऊन गावभर फिरले. प्रत्येकीला विचारून, नुसत्या हाताचा, चेहऱ्याचा नाही, ही माझी अट. कोणी हळद लावून बसली, कोणी म्हणाली बांगड्या बदलू दे. जाऊनं आठ फोटो काढून घेतले आणि सगळ्यांत स्वतःची मान घुसवली. ते सगळे मला परत काढावे लागले. पोडावरसुद्धा गेले होते, सुनेच्या भावाच्या गाडीवर बसून. ती शाळेतली मुलगी भेटेल असं उगीच वाटलं होतं. ती लग्न होऊन तेलंगणाकडे गेली, एवढंच कळलं. तिच्या भावजयीनं हात पुढं केला. मी तिला सांगितलं, “तुमच्या नणंदेले सांगा, त्या बाईनं चूक केली होती.” तिनं मान हलवली. सांगितलं असेल किंवा नसेल.

दिवाळीनंतर नात नवीन पट्टा घेऊन आली. आता अक्षरं हवी तर तळहातावर घेता येतात, आणि हात पुसा म्हणणारं वाक्य तिनं काढून टाकलं आहे. मी तो डाव्या मनगटावर बांधला आणि तिच्याकडे न बघता डोळा विंचवावर धरला. तिनं श्वास रोखून धरला होता. मीही.

“हात,” पट्ट्यातली बाई म्हणाली. “रोग आढळला नाही.”

मला हे कळायला पन्नासएक वर्षं लागली. त्याला एक पावसाळा पुरला. नात म्हणाली, अजून पुष्कळदा चुकतो, जाऊआजीच्या कोयरीला अधूनमधून कैरी म्हणतो. म्हणू दे. कैरीला कोणी पुसायला सांगत नाही.

पट्टा मी रोज घालत नाही. पऱ्हाटीचं पान मला त्याच्याआधी ओळखता येतं. मनात आलं तर घालते, बाजारात जाताना, बिनबाहीचा.

परत जाताना नात पिशवी आवरत होती. “आजी, ती पांढरी बाही कुठंय? ऑफिसात सगळ्या मोजून जमा करायच्यात. एक कमी आहे.”

“आज नाही मिळत.”

“का?”

मी न्हाणीकडे बोट दाखवलं. तिथं खुंटीला खालून गाठ मारलेली बाही लटकत होती आणि तिच्यातून टपटप पाणी गळत होतं.

“दही बांधलंय त्याच्यात. श्रीखंड खाऊन जा.”